छापखाना नसलेल्या रोममध्ये ग्रंथ वाचकापर्यंत कसा पोहोचत असे?

नेरुळवासी

ठाण्यात नौपाड्याला आमचे एक लहानसे वाचक मंडळ भरते आणि पुढच्या बैठकीत प्राचीन रोमच्या साहित्यजीवनावर टिपण वाचण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सिसेरो, व्हर्जिल, होरेस, ओव्हिड यांच्या ग्रंथांची रसग्रहणे पुष्कळ सापडतात; परंतु ज्या व्यवस्थेत हे ग्रंथ लिहिले, ऐकले आणि विकत घेतले गेले, तिच्याविषयी फार थोडे हाती लागते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, आणि त्याच्या कपाटांमागची मुद्रक, प्रकाशक, विक्रेता ही साखळी आपण गृहीतच धरतो. रोममध्ये यातले मुद्रण मुळीच नव्हते. मग ग्रंथ पुरा झाल्यावर पुढे काय होई, लेखकाला मोबदला कोण देई, आणि प्रत एकदा बाहेर गेली की मजकुरावर त्याचा काही ताबा उरत असे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

तलावपाळीकर

पहिली पायरी बहुधा जाहीर वाचनाची असे. निमंत्रित श्रोत्यांपुढे स्वतःचे लेखन वाचून दाखवण्याची प्रथा रोममध्ये प्रथम असिनियस पोलिओ या सेनानी-लेखकाने पाडली, असे वक्तृत्वावर लिहिणारा थोरला सेनेका नोंदवतो. पुढे ती इतकी रुजली की एका वर्षीच्या एप्रिलमध्ये कोणाचे तरी वाचन नाही असा दिवस क्वचितच गेला, असे पत्रलेखक धाकटा प्लिनी एका पत्रात लिहितो. त्याच पत्रात त्याची तक्रारही आहे : श्रोते बाहेर गप्पा मारत बसतात, वाचक आला का, प्रस्तावना झाली का, बरेचसे उरकले का याची चौकशी करत राहतात, आणि शेवटी आत येऊन संपण्यापूर्वीच निघून जातात.

या वाचनांना केवळ मिरवण्याचे प्रसंग मानू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. प्लिनी आपले लेखन आधी मोजक्या मित्रांना वाचून दाखवी, त्यांची मते घेई, दुरुस्त्या करी, आणि मगच ते प्रसृत करी. आजचा संपादक जे काम करतो, त्याचा मोठा भाग तेथे श्रोत्यांकडून होत असे.

घणसोली सेक्टर सात

मोबदल्याचे थोडक्यात सांगतो. विक्रेत्याकडून लेखकाला हक्काचे मानधन मिळण्याची व्यवस्था नव्हती. पुस्तकांची दुकाने मात्र होती. मार्शल हा कवी आर्गिलेटम रस्त्यावरच्या अट्रेक्टस नावाच्या विक्रेत्याचा पत्ता देतो आणि आपले पुस्तक तेथे पाच दिनारांना (दिनार हे रोमचे चांदीचे नाणे) मिळेल असे सांगतो. सम्राट डोमिशियनने वेतन वाढवल्यानंतर साध्या सैनिकाला वर्षाला तीनशे दिनार मिळत, म्हणजे ही किंमत त्याच्या सुमारे सहा दिवसांच्या पगाराइतकी झाली. आपल्या कविता ब्रिटनमध्येही म्हटल्या जातात, पण आपल्या थैलीला त्याचा पत्ता नाही, असे हाच मार्शल म्हणतो.

श्रीमंत सिनेटरांना या कमाईची गरजच नव्हती. इतरांना आश्रयदाता लागे. होरेसचे वडील एकेकाळी गुलाम होते. मिसेनस या श्रीमंत आश्रयदात्याने होरेसला सबाइन डोंगराळ भागात जमीन दिली, तेव्हा त्याच्या लेखनाला स्वस्थता लाभली.

चेंदणी

तिसऱ्या प्रश्नावर मी जरा विस्ताराने लिहितो, कारण सिसेरोने ॲटिकसला लिहिलेल्या पत्रांत त्याचे इतके स्पष्ट उत्तर मिळते की आपल्या टिपणाचा गाभा तेथेच असावा असे मला वाटते. ॲटिकस हा त्याचा धनाढ्य मित्र. त्याच्या घरी ग्रंथांच्या नकला करणारे प्रशिक्षित दास होते, आणि सिसेरोचे अनेक ग्रंथ त्यांच्याच हातून बाहेर पडले.

इ.स.पू. ४६ मध्ये लिहिलेल्या ‘ओरेटर’ या वक्तृत्वावरील ग्रंथात सिसेरोने ॲरिस्टोफेनिसऐवजी युपोलिस या नाटककाराचे नाव घातले होते. ॲटिकसने आपल्या नकलनवीसांकरवी स्वतःच्याच नव्हे, तर इतरांकडे गेलेल्या प्रतींतही ते बदलावे, अशी विनंती सिसेरोने केली. आज उपलब्ध असलेल्या संहितेत ॲरिस्टोफेनिस हेच नाव आहे. म्हणजे दुरुस्ती साधली. दुसऱ्या वर्षी मात्र तसे झाले नाही. लिगारियसच्या बचावाच्या भाषणात त्याने कॉर्फिडियस नावाच्या गृहस्थाचा उल्लेख केला होता, आणि तो तर आधीच मरण पावला होता असे नंतर कळले. फार्नासिस, अँटियस आणि साल्व्हियस या नकलनवीसांना सांगून सर्व प्रतींतून ते नाव काढून टाकावे, असे सिसेरोने कळवले. ते नाव आजही त्या भाषणात जसेच्या तसे आहे, कारण तोवर प्रती या तिघांच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या.

त्याच वर्षी ‘दे फिनिबुस’ या तत्त्वज्ञानावरील ग्रंथाचा पाचवा भाग ज्युलियस सीझरचा विश्वासू बाल्बस याने ॲटिकसकडून मिळवून उतरवून घेतला, आणि सिसेरोचा अंतिम हात त्यावर फिरलेला नव्हता. ग्रंथ ब्रूटसला अर्पण केलेला असताना त्याच्याआधी तो दुसऱ्याच्या हाती पडावा, याचे सिसेरोला विशेष वाईट वाटले. ज्याच्याकडे प्रत आणि नकलनवीस, त्याच्या हाती प्रसार, अशी ही स्थिती होती.

फार्नासिस, अँटियस, साल्व्हियस ही तीन नावे मंडळात अवश्य वाचून दाखवावीत. रोमचे वाङ्मय अशा माणसांच्या बोटांनी टिकवले आणि त्यांची नावे बहुतेक ठिकाणी गळून गेली आहेत. थोरल्या प्लिनीला, म्हणजे धाकट्या प्लिनीच्या मामाला, जेवताना ग्रंथ वाचून दाखवणारेही बहुधा असेच कोणी सेवक असत. साहित्याच्या इतिहासात त्यांना वगळणे मला अन्यायाचे वाटते.

नेरुळवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. टिपणाचा मध्यभाग आता त्या पत्रांवरच उभारतो. आणखी एक विचारतो : ज्याच्याजवळ ना पैसा ना श्रीमंत मित्र, त्याला सार्वजनिक ग्रंथालय उपलब्ध होते का?

तलावपाळीकर

होते, पण त्याची दारे सत्तेच्या हाती असत. ज्युलियस सीझरने असे ग्रंथालय योजून त्याचे काम व्हॅरो या विद्वानाकडे सोपवायचे ठरवले होते. तो मारला गेला आणि बेत राहिला. रोममधले पहिले सार्वजनिक ग्रंथालय त्यानंतर पोलिओने युद्धातील लुटीच्या पैशातून उभारले आणि त्यात जिवंत व्यक्तींपैकी फक्त व्हॅरोचा पुतळा बसवला. सम्राट ऑगस्टसने रोममधल्या पॅलाटिन टेकडीवर अपोलोच्या मंदिरालगत ग्रीक आणि लॅटिन असे दोन विभाग असलेले ग्रंथालय काढले. इ.स. ८ मध्ये ओव्हिडला काळ्या समुद्राकाठच्या टोमिस येथे हद्दपार केल्यावर त्याने एक कविता लिहिली. तिच्यात त्याचे पुस्तक स्वतः बोलते : रोममध्ये येऊन ते ग्रंथालयांच्या दारांशी जाते आणि त्याला आत घेतले जात नाही.

राजधानीबाहेरचे उदाहरण हवे असेल तर धाकट्या प्लिनीचे घ्यावे. त्याने आपल्या कोमम या गावाला ग्रंथालय बांधून दिले आणि त्याच्या देखभालीसाठी वेगळे एक लाख सेस्टर्स (रोमन नाणी) ठेवले. ही रक्कम त्याच्या कार्याची नोंद करणाऱ्या शिलालेखात कोरलेली आहे.