≤ च्या दोन व्याख्या: सममूल्य, पण सारख्या नव्हेत
नैसर्गिक संख्यांवरील ≤ ची व्याख्या कोणतीही घेतली तरी त्या सममूल्य असल्याने फरक पडत नाही, असे एक मत मांडले जाते. सममूल्यता मान्य आहे. मात्र सिद्धता लिहिताना फरक चांगलाच जाणवतो.

सिद्धता लिहून संगणकाकडून तपासून घेण्याच्या आगडा या भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतील व्याख्येत दोन रचक (सिद्धता बनवण्याचे मूळ नियम) आहेत: ० ≤ ब हे नेहमीच सत्य असते, आणि अ ≤ ब वरून अ+१ ≤ ब+१ मिळते. कॉक (आता रॉक) आणि लीन या अशाच साधनांत मात्र अ ≤ अ येथून सुरुवात होते आणि अ ≤ ब वरून अ ≤ ब+१ मिळते. या दुसऱ्या व्याख्येत विगमन (पायरीपायरीने पुढे जाणारी सिद्धता) दोन संख्यांमधील अंतरावर चालते, त्यामुळे संक्रामकता (अ ≤ ब आणि ब ≤ क वरून अ ≤ क) अगदी सहज सिद्ध होते. परंतु अ+१ ≤ ब+१ वरून अ ≤ ब काढण्यासाठी, जे पहिलीत एका पॅटर्न मॅचिंगने (सिद्धता कोणत्या रचकाने बनली हे पाहून) साधते, वेगळे उपप्रमेय लागते.

खरी कसोटी अ ≤ ब ची सिद्धता एकमेव असते हे दाखवताना लागते. पहिलीत कोणता रचक लागू होईल हे अ च्या आकारावरूनच ठरत असल्याने सरळ विगमन पुरते. दुसरीत अ ≤ अ मध्ये तोच निर्देशांक (म्हणजे अ) दोनदा येत असल्याने, नैसर्गिक संख्यांची समानता निर्णेय आहे (दोन संख्या समान आहेत की नाहीत हे नेहमी ठरवता येते) आणि म्हणून तिच्या सिद्धता एकमेव असतात, या हेडबर्गच्या प्रमेयाचा आधार कॉकमध्ये घ्यावा लागतो. (लीनमध्ये एकाच विधानाच्या सर्व सिद्धता मुळातच समान मानल्या जात असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.)

तरीही सुस्थापित विगमनासाठी (सर्व लहान संख्यांसाठी विधान गृहीत धरून पुढच्या संख्येसाठी ते सिद्ध करण्यासाठी) मी दुसरीच निवडेन, कारण ब+१ हून लहान संख्या एकतर ब असते किंवा ब हून लहान असते, हे तिच्या रचकांतूनच थेट समोर येते.