घरी पोरगी आली: आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: पोरगी झाली. पहाटे. नॉर्मल. वजन २ किलो ४०० ग्राम. दोघीबी बऱ्या हायेत. फोन उचलनं होत नाही, इथंच लिहा

मोठेबाबा: लक्ष्मी आली बाप्पा!! आता दुकान उघडलं की पेढे आनतो, पुऱ्या गावात वाटतो

नागपूरची मावशी: अभिनंदन 🌸 दुसरीबी पोरगीच झाली काय

बाबा: हो, पोरगी झाली अन् आमी सगळे खुश हावोत. हे "दुसरीबी" इथं कोनी लिहू नोका, तिची मायबी याच ग्रुपात हाये, हातात फोन घेतला की तेच वाचन पहिले

नागपूरची मावशी: मनात तसं काही नवतं भाऊजी. झबली शिवून ठेवली मी, दोघीयसाठीबी आनतो

लहान भाऊ (पुणे): दादा फोटो टाक ना यार, आम्ही इकडे रात्रभर जागे आहोत. शनिवारी निघतोय सगळे, सात जण आहोत गाडीत, वहिनीला सांग डायरेक्ट दवाखान्यातच येतो

काकू (गावची आशा कार्यकर्ती): फोटो नंतर. दादा, पाजलं काय ते सांग आधी. चीक, मायचं पहिलं घट्ट दूध, फेकला तर नाही ना कोनी

दादा: नाही काकू, सिस्टरनं तासाच्या आतच छातीशी लावलं. पोलिओचे थेंब दिले, बीसीजी अन् कावीळचं इंजेक्शनबी झालं

काकू (आशा): बेस झालं. ते कावीळचं २४ तासाच्या आतच लागते. कार्डावर लिहून घेजो सगळं, कार्ड हरपवू नोको, माह्याकडे आनून देजो

माय: आजी इचारून राह्यली, मधाचं बोट चाटवलं काय म्हनते. सोन्याची अंगठी काढून ठेवली तिनं

काकू (आशा): आजीले नमस्कार सांगा. अंगठी पोरीच्या मुठीत देऊन फोटो काढा, पन तोंडात काहीच नाही. मध, घुटी, साखरपानी, गाईचं दूध, वरचं पानीबी नाही. सहा महिने फक्त मायचं दूध. मध तर एक वर्षाच्या आतल्या लेकराले देतच नाहीत, त्यातून जंतू जाते पोटात, लेकरू लुळं पडू शकते

माय: आजी म्हनते माह्या सात लेकरायले मध चाटवला होता

मोठीमाय: अन् त्यातले दोन गेले ना माय. कायनं गेले ते कोनाले ठाऊक, तवा डॉक्टरच नवता गावात. मी म्हनतो काकू सांगते तसं करू, तिले शिकवलं हाये सरकारनं

माय: आजी गप बसली. पन ऐकलं तिनं. आता शेगडीचं इचारते, कोळसे कुठं ठेवले म्हनते

काकू (आशा): हे जरा लंबं लिहा लागते, सगळ्यायनं वाचजा. पोरगी अडीच किलोच्या खाली हाये, अशा लेकराच्या आंगात ऊब टिकत नाही, अन् आता थंडी पडून राह्यली. म्हनून आजीचं बराबर हाये, ऊब पायजेच, पन खोली बंद करून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली तर त्याचा गॅस खोलीत साचते, तो दिसत नाही अन् वासबी येत नाही, त्यानं माय-लेकरू दोघंबी झोपेतच जाऊ शकतात. त्याच्यापेक्षा पोरीले नुसतं लंगोट-टोपी-मोजे घालून वैनीच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, कातड्याले कातडं लागलं पायजे, वरून लुगडं गुंडाळायचं अन् त्याच्यावर दुलई. जेवढा जास्त वेळ होईन तेवढा. वैनी थकली की दादानं ठेवावं, बापाच्या छातीचीबी तेवढीच ऊब असते. आंघोळ नाळ पडेपर्यंत नाही, ओल्या मऊ फडक्यानं पुसून लगेच कोरडं करायचं. नाळेले काहीच लावायचं नाही, हयद नाही तेल नाही राख नाही. डोयात काजय नाही. दृष्टीचा टिक्का लावायचा असन तर तळपायाले लावा, माही हरकत नाही

मोठेबाबा: दादा छातीवर घेऊन बसन? शेतातली मानसं हसतीन ना बाप्पा

दादा: हसू द्या मोठेबाबा. सकाळी सिस्टरनं शर्ट काढायला लावला अन् ठेवली छातीवर. एवढीशी बोटं, माह्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवून ठेवली होती, सोडतच नवती. तासभर हाललो नाही मी

मोठेबाबा: मंग काही म्हननं नाही माहं

मी: आता मी लिहितो, मले लय दिवसापासून सांगायचं होतं, अन् आत्या हावो म्हनून हक्कानं सांगतो. आपलं घर मोठं, चुलत-मालत धरून दोन चुली, त्यात आता कापसाची वेचनी लागली, रोज वेचनाऱ्या बाया, त्यायचा चहा, मोजमाप, गाडी भरनं, तूर फुलावर आली तर तिची फवारनी. अशा घरात बाळंतीन येऊन राह्यली. मागच्या वेळेस छकुली झाली तवा पहिल्या आठ दिवसात अर्धं गाव येऊन गेलं, हरेकाले बाळ हातात पायजे, हरेकाले चहा पायजे, अन् वैनी कोपऱ्यात भितीकडं तोंड करून पाजत बसली होती अन् कोनी बाहीर जायचं नावच घेत नवतं. तिची कंबर दुखत होती हे तिनं मले दोन वर्षानं सांगितलं. आपल्या घरात माया कमी नाही, पन सगळी माया बाळाच्या बाजेभवती येऊन बसते अन् काम वैनीच्याच आंगावर पडते. यावेळेस ज्याले पोरीवर जीव लावायचा त्यानं वैनीच्या वाट्याचं एक काम उचलावं, बाजेजवळ बसू नये

लहान काकू: खरं बोलली वो ताई. माह्या बाळंतपनात बी हेच झालतं, बोलता येत नवतं

मी: भांडे अन् पानी लहान काकूकडं, दोघी जावा मिळून. वेचनाऱ्या बायांचा चहा मोठीमायच्या चुलीवर. वैनीच्या लुगड्याचं अन् पोरीच्या लंगोटाचं धुनं मशीनमधी दादा टाकन, कडक उन्हात वाळाले घालन. आजीनं वैनीची मालिश अन् डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं-मेथी सारं तिच्याच हातचं पायजे, त्यात कोनी हात घालू नोका. अन् वैनीले पानी कमी देनं, भाजी बंद करनं, हे नाही. तहान लागन तेवढं पानी, ज्वारीची भाकर, वरन, मेथी, पालक, अंडं चालत असन तर अंडं. लोहाच्या अन् कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने, ते मी फोन करून इचारत जाईन

काकू (आशा): अन् फवारनीवाले तर घरात येऊच नोका तसे. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या फवारनीनं कितीक मानसं गेली ते इसरले काय. आंगोळ, कपडे बदलले, साबनानं हात धुतले, तवाच उंबऱ्याच्या आत. ते कपडे पोरीच्या कपड्यासंगं धुवायचे नाहीत. सर्दी-खोकला ज्याले असन त्यानं दारातूनच पाहा. मुका कोनीच घेऊ नोका

लहान भाऊ (पुणे): काकू मला थोडी सर्दी आहे. मग शनिवारी कॅन्सल करतो. पुढच्या महिन्यात येऊ, बारशाला. तोपर्यंत मी इथून काय करू सांगा

मी: तू पैसे लाव. अन् रोज संध्याकाळी छकुलीले व्हिडिओ कॉल कर. बाळाले नाही, छकुलीले. आज तिले नेलं होतं दवाखान्यात, सगळे तिच्या डोक्यावरून बाळाले पाहून राह्यले होते, तिच्या हातात आईसाठी घेतलेला बिस्किटचा पुडा होता, दोन्ही हातानं धरलेला, कोनी तो घेतलाच नाही. बाहीर आल्यावर तिनं तो मोटारसायकलच्या डिक्कीवर ठेवून देल्ला. चार वर्साचं लेकरू, तिले काय समजत नाही काय

बाबा: मी नव्हतो पाहिलं हे. उद्यापासून छकुली माह्यासंगं. अंगनवाडीत सोडनं-आननं माह्याकडं, दुपारी झोपन माह्याजवळ. पन रातच्याले मायजवळच झोपू द्या, बाजेले लागून दुसरी बाज टाकतो

वैनी: सगळं वाचलं मी 🙏 पुडा माह्या उशाशी हाये. यायनं डिक्कीवरून आनून देल्ला, त्यातलीच बिस्किटं खाल्ली चहासंगं. ताई तिले सांगजा

मी: सांगतो वैनी. आता फोन ठेवा अन् झोपा

लहान काकू: काकू तुमी किती वेळा येसान घरी? मागच्या वेळेस घडीघडी येत होत्या, मले वाटे गप्पा माराले येतात

काकू (आशा): तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी. झोळीत टाकून वजन करतो, ताप पाहातो, श्वास मोजतो. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरते, त्याले घाबरून डब्याचं दूध आनू नोका, दोनेक आठवड्यात भरून येते. हे घरी जाऊन पाहायचं काम आपल्या विदर्भातूनच सुरू झालं, गडचिरोलीत डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यायनं गावच्याच बायायले शिकवलं, ३९ गावात, अन् तिथं नवजात लेकरायचं मरन निम्म्याहून कमी झालं. १९९९ साली ते लॅन्सेट नावाच्या डॉक्टरायच्या मोठ्या साप्ताहिकात छापून आलं, अन् २०११ पासून देशभरच्या आशायकडं हे काम आलं. ट्रेनिंगमधी हे ऐकलं तवा माह्या आंगावर काटा आला होता, आपल्यासारख्याच बाया होत्या त्या

मोठीमाय: आमाले कसं समजन की आता दवाखान्यात न्या लागते

काकू (आशा): पोरगी दूध ओढत नसन, सुस्त पडली, हातपाय थंड लागले नाहीतर आंग तापलं, मिनिटाले ६० च्या वर श्वास, छाती आत ओढली जाते, झटके, तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकबी दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. पिवळं दिसलं तर उन्हात ठेवून बसू नोका, उन्हानं ते बरं होत नाही, डॉक्टरनं पाहालाच पायजे. वैनीचं अंगावरून लय जाऊन राह्यलं, वास येऊन राह्यला, ताप आला, डोकं लय दुखते, तरी तसंच. ॲम्ब्युलन्ससाठी १०२ नाहीतर १०८, दोन्ही फुकट. सरकारी दवाखान्यात वर्षभर लेकराचा इलाजबी फुकट. लाजायचं नाही, रात्री दोनलेबी मले उठवा

बाबा: ट्रॅक्टरवाल्या पोराचा नंबर भितीवर लिहून ठेवतो मी. अन् गाडीत डिझेल भरून

बाबा: सरकारी कागदाचं काय काय करा लागते?

काकू (आशा): जन्माची नोंद २१ दिवसाच्या आत, दवाखान्यातूनच होते, नाव नंतर टाकता येते. दाखला सांभाळा, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकराले शाळेसाठी, आधारसाठी तोच लागते. दुसरी पोरगी असली की मातृवंदना योजनेत ६,००० भेटते, पेंटा लसीचे तीन डोस झाल्यावर. अन् लेक लाडकी योजनाबी हाये, आपलं केशरी रेशन कार्ड हाये, उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतचा पायजे. जन्माले ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,०००, अठरा वर्स झाले की ७५,०००. अर्ज अंगनवाडीतच द्या. सेविकेले मी सांगून ठेवतो

दादा: पैसे हिच्या खात्यात की माह्या

काकू (आशा): मातृवंदनाचे वैनीच्या, लेक लाडकीचे वैनी अन् पोरीच्या जोडखात्यात. आधारले जोडलेलं खातं पायजे, ते आधी पाहून घे

माय: आजी म्हनते पाचवी तर पुजा. सटवाई येते नशीब लिवाले, कोरा कागद अन् पेन ठेवा लागते

काकू (आशा): पुजा ना, कोन नाही म्हनते. फक्त धुपाचा धूर खोलीत नाही, बाहीर वट्यावर. अन् त्या दिवशी शंभर बाया नाही, घरच्या पाचच

माय: आजी हसली. म्हनते कागद वहीचा नाही, चांगला पांढरा आना

मी: बारसं सव्वा महिन्यानं करू, वेचनीबी ढिली पडन तवर. घुगऱ्या भिजवाचं माह्याकडं, नाव मी ठेवीन, पन छकुलीच्या मांडीवर पाळन्यातून घेऊन, तिच्या कानात पहिले सांगीन मंग सगळ्यायले

लहान भाऊ (पुणे): शब्बास. मी तेव्हा चार दिवस सुट्टी टाकतो, वेचणीलाही येतो

मोठेबाबा: पेढे आनले. कोनाच्या घरी द्याचे राह्यले सांगा. खालच्या आळीतल्या दोन घराचे राह्यले, पन तिथं सर्दी हाये म्हनते, म्हनून दारातूनच देतो

काकू (आशा): दादा, वैनीची सुट्टी परवा होईन ना? खोली आजच झाडून पुसून काढा, फिनाईलचा वास दोन दिवसात गेला पायजे. मी तिसऱ्या दिवशी काटा घेऊन येतो

लहान काकू: खोली माह्याकडं. आताच घेतो झाडू हाती