एल निनो असूनही 1997 ला पाऊस झाला, 2002 ला दुष्काळ पडला. असं का?

रानवारा:
एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्तालगतचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं. 1997 चा एल निनो गेल्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक. तरी त्या वर्षी देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला. 2002 चा एल निनो त्यामानाने बेताचा, पण पावसात 19 टक्के तूट. हे गरम होणं मोजणारा निनो 3.4 चा आकडा 0.5 अंशाच्या वर गेला की दुष्काळाच्या बातम्या सुरू होतात. आकड्याचा आणि पावसाचा मेळच बसत नसेल, तर मे-जूनमध्ये नेमकं बघायचं काय? इंडियन ओशन डायपोल कुठे आणि कसा मोजतात, तेही कुणी नीट सांगा.

खोलपाणी:
निनो 3.4 म्हणजे प्रशांत महासागरातली एक चौकट: विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 5 अंश, आणि 170 ते 120 अंश पश्चिम रेखांश. तिथलं पाणी सरासरीपेक्षा किती गरम, एवढंच हा आकडा सांगतो. गरम पाणी चौकटीच्या कुठल्या टोकाला आहे, ते त्यातून कळत नाही, आणि आपल्यासाठी नेमकं तेच महत्त्वाचं.

एरवी व्यापारी वारे गरम पाणी पश्चिमेला रेटतात. इंडोनेशियाजवळ समुद्राची पातळी पेरू-इक्वेडोरच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते, ती त्यामुळेच. त्या गरम पाण्यावर हवा वर चढते, ढग होतात, आणि ती हवा पूर्व प्रशांतवर खाली उतरते. एल निनोत वारे ढिले पडतात, गरम पाणी पूर्वेकडे सरकतं आणि हवा चढण्याची जागाही सरकते. मग खाली उतरणारी हवा इंडोनेशियावर येते, कधी भारतावरही. खाली उतरणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत.

आता 1997 कडे या. तेव्हा सर्वाधिक तापलेलं पाणी दक्षिण अमेरिकेच्या बाजूला होतं. 2002 मध्ये ते मध्य प्रशांतात होतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हेच दाखवलं: मध्य प्रशांत तापला की उतरणारी हवा भारतावर येण्याची शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. ‘अधिक 1 अंश’ सगळीकडे सारखा नसतो. उंच ढग उभे राहायला पाणी साधारण 28 अंशांच्या आसपास लागतं. मध्य प्रशांतात ते मुळातच तेवढं असतं, तिथे 1 अंशही पुरतो. पूर्वेचं पाणी मुळात थंड, तिथे 2 अंश वाढूनही ढग होतीलच असं नाही. म्हणून सरासरीपासूनच्या फरकाच्या नकाशाशेजारी प्रत्यक्ष तापमानाचा नकाशा ठेवा.

पश्चिमझुळूक:
डायपोलचं सांगतो. तो म्हणजे हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या पाण्याच्या तापण्यातला फरक. पश्चिमेची चौकट 50 ते 70 अंश पूर्व, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 10 अंश. पूर्वेची 90 ते 110 अंश पूर्व, विषुववृत्त ते 10 अंश दक्षिण, म्हणजे सुमात्रा-जावाची बाजू. दोन्हीकडे सरासरीपासूनचा फरक काढायचा आणि पश्चिमेतून पूर्व वजा करायची. ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं अधिक 0.4 अंशाच्या वर टिकलेला आकडा ‘धन’ मानतं.

धन डायपोलमध्ये सुमात्राच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर येतं, तिथले ढग विरतात आणि आफ्रिकेकडची बाजू तापते. आपल्या पावसाला हे सहसा अनुकूल. धन डायपोल साधारण मे-जूनमध्ये उभा राहतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये शिगेला पोचतो. म्हणून एप्रिलमधल्या धन आकड्यावर कृपया काहीही ठरवू नका.

शिवाय समुद्र बदलला तरी हवेने साथ द्यावी लागते. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये विषुववृत्तावरच्या वाऱ्यांचा निर्देशांक मांडला: 60 ते 90 अंश पूर्व, दोन्ही बाजूंना अडीच अंश. तिथे पूर्वेकडून येणारा वारा वाढला तर आपल्याला अनुकूल. 1997 मध्ये तो अनुकूल होता, 2002 मध्ये उलटा. माझ्या मते डायपोलच्या आकड्यापेक्षा हा वारा जास्त बोलका आहे.

रानवारा:
मग 2023 चं काय? डायपोल धन होता, तरी ऑगस्टमध्ये 36 टक्के तूट आली. 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट!

मापदंड:
कारण तो डायपोल खरा जोर धरू लागला ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरमध्ये. त्यात 30 ते 60 दिवसांनी विषुववृत्तावरून फिरणारी ढगांची लाट, एमजेओ, ऑगस्टमध्ये प्रतिकूल टप्प्यात होती. सप्टेंबरमध्ये 113 टक्के पाऊस झाला आणि हंगाम 94 वर संपला. 2019 मध्येही असंच. जूनमध्ये 33 टक्के तूट, हंगाम 110 वर, आणि मान्सून परतायला लागला थेट 9 ऑक्टोबरला. समुद्र हंगामाचा कल ठरवतो, आठवडा नाही.

तपासायचा क्रम विचारलात. आधी पृष्ठभागाखालचं पाणी बघा. समुद्रात सोडलेली अर्गो तरंगयंत्रं दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंतचं तापमान कळवतात. प्रशांतात 100-150 मीटर खोल गरम पाणी पूर्वेकडे सरकताना दिसलं, तर ते साधारण दोन महिन्यांत पूर्वेला वर येतं. मग प्रशांतातलं ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन यांच्या हवादाबातला फरक बघा. समुद्र तापूनही तो हलत नसेल, तर वाऱ्यांनी अजून साथ दिलेली नाही. मार्च-एप्रिलमध्ये केलेले एल निनोचे अंदाज सर्वांत कच्चे असतात, त्यामुळे आयएमडीचा, म्हणजे भारतीय हवामान खात्याचा, मे अखेरचा सुधारित अंदाजच हाताशी धरा.

हे सगळं पीक आणि वाण निवडायला उपयोगी. कमी पावसाचा कल दिसला तर सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक, कमी दिवसांचं वाण. देशाची टक्केवारी तालुक्याला लागू होत नाही. सह्याद्री पाऊस अडवतो म्हणून वाईट वर्षातही कोकण भिजतं, मराठवाड्याला तो आधार नाही. पेरणीची तारीख मात्र एल निनोवर ठरवू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली का ते शेतात खणून बघा, आणि आयएमडीचा दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज पाहून मगच तिफण जुंपा.