बंद घरात लॅपटॉपची बॅटरी कशी ठेवलीत? अनुभव लिहा

ओसरी
दिवाळी झाली की लेकीकडे टोरांटोला चाललोय, परतायला मे उजाडेल. नागपूरच्या घरी दोन लॅपटॉप राहतील. ह्यांच्या जुन्याची बॅटरी खटका सरकवून बाहेर निघते, माझ्या नव्याची आतच स्क्रूबंद. शेजारचे काका म्हणतात फुल चार्ज करून ठेवा, भाचा म्हणतो पूर्ण उतरवून ठेवा. आणि मेमध्ये आमचं बंद कपाट म्हणजे भट्टी. पुस्तकी नको, कोणी काय केलं आणि पुढे काय झालं ते सांगा.

झारणकाम
ताई, दोघांचंही ऐकू नका. रिपेअरिंगच्या टेबलावर मला दोन्ही प्रकारचे पेशंट दिसतात.

सुट्टीनंतर गिऱ्हाईक येतं ते 'टचपॅड दाबलं जात नाही' म्हणून. खालचं झाकण उघडायच्या आधीच कळतं, कारण लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, डुलतो. आत बॅटरीचे चपटे पाऊच उशीसारखे फुगून टचपॅडला खालून रेटत असतात. लिथियम-आयन सेल भरला की साधारण ४.२ व्होल्टला असतो. त्या अवस्थेत उष्णता मिळाली की आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होतं आणि गॅस धरतो. नुसतं फुल वाईट, नुसती उष्णता वाईट, दोन्ही एकत्र म्हणजे संपलंच. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, सुक्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

दुसरा प्रकार पूर्ण उतरवून ठेवणाऱ्यांचा. बंद लॅपटॉपही थेंब थेंब वीज पितच असतो. सेल फार खाली गेला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट दार लावून घेतं आणि लॅपटॉप म्हणतो, बॅटरीच नाही. मग लोक 'जरा बाहेरून करंट देऊन उठवा ना' म्हणून गळ घालतात. मी देत नाही. तितक्या खाली गेलेल्या सेलमध्ये तांब्याची पट्टी विरघळायला लागलेली असू शकते, पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती.

निम्म्यावर आणा, शटडाउन करा (स्लीप नव्हे!) आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. माळ्यावर मुळीच नको.

चष्मिष
+१. काका आणि भाचा दोघांचे सल्ले मुळात बरोबरच आहेत, फक्त चुकीच्या बॅटरीला लावलेत. काकांच्या डोक्यात इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी असणार. ती अर्धवट पडून राहिली तर प्लेटवर सल्फेट धरतं, म्हणून ती भरलेलीच हवी. भाच्याचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियम-आयन १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, २०१९ मध्ये तिच्या कामाला नोबेलही मिळालं, तरी सल्ले काही बदलत नाहीत.

माडाखाली
आमच्याकडे मडगावात मामांनी सुटी बॅटरी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली होती, सोलकढीच्या शेजारी. थंड जागा हवी ना, मग ह्याहून थंड कुठली! ऐन पावसाळ्यात बाहेर काढली तर तिला दरदरून घाम. डबा फ्रिजमध्ये आत-बाहेर होतच असायचा, त्यामुळे पितळी टोकांवर हिरवट थर आलेला. मामी अजून ऐकवतात.

झारणकाम
फ्रिज नकोच. कोरडं कपाट पुरे.

रात्रपाळी
थोडं अवांतर, पण ज्यांचा लॅपटॉप कायम चार्जरला असतो त्यांच्यासाठी. वर्क फ्रॉम होम सुरू झालं तेव्हाच मी चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावली. लेनोव्होत कॉन्झर्व्हेशन मोड, असूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, बऱ्याच डेलमध्ये बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सोय असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून जागा सोडा, पुढे तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट'. एक फाइल तयार होते, तिच्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ता उरलेली) शेजारी-शेजारी दिसतात. माझ्या दोन आकड्यांत अजून फारसं अंतर नाही. सोबतच घेतलेला भावाचा लॅपटॉप रात्रंदिवस शंभरावर, तोही गादीवर. त्याची निम्मी उरलीय.

ओसरीताई, नवा थिंकपॅड असेल तर बायोसच्या पॉवर विभागात आतली बॅटरी तात्पुरती तोडायचा पर्याय बघा. चार्जर लावला की आपोआप जोडली जाते.

पेठकर
मॅकवाल्यांसाठी: ॲपलही निम्म्यावरच ठेवा म्हणतं, ३२ अंशांखाली, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा पन्नासवर आणा. नागपुरात ३२ अंश कुठून आणायचे ते मात्र सांगत नाही.

ओसरी
नवा थिंकपॅडच आहे, सापडला पर्याय! जुन्याची सुटी बॅटरी सोबत नेली तर? ह्यांचा तिच्यावर भारी जीव.

रात्रपाळी
न्या की, पण हातातल्या बॅगेत. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. बॅटरीवर नुसते व्होल्ट आणि अँपिअर-तास छापले असतील तर गुणाकार करा: १०.८ गुणिले ४.४ म्हणजे साधारण ४७.५. टोकांवर चिकटपट्टी लावा, नाण्यांच्या पाकिटात टाकू नका.

ओसरी
आमची ४७.५ चीच निघाली. नव्याचा भार भाच्यावर टाकलाय. मार्चमध्ये येऊन त्याच्या घरी कूलरच्या खोलीत नेणार. 'उतरवू नकोस' हे कागदावर लिहून आत्ताच झाकणावर चिकटवलंय.