अनुभव धागा: मुलांच्या थेरप्या - ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच, फिजिओ आणि घरभर पसारा

गवतीचहा
आज सकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे एक चिमुरडा राजम्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. दुकानदार म्हणाला, "ओ मॅडम, आवरा त्याला." ती म्हणाली, "दोन मिनिटं काका, आत्ताच शांत झालाय." मला पुढचं काही विचारायची गरजच नव्हती. मी आपली पोह्याचे भाव विचारत बसले, दुकानदार माझ्यात गुंतावा म्हणून.

आमच्या लेकाला आता मिसरूड फुटतंय, पण ते दिवस एकदम समोर आले. अडीच वर्षांचा होता, ऑटिझमचं निदान नुकतंच झालेलं. ओटीच्या ताई म्हणाल्या, मोठ्या पातेल्यात राजमा-तांदूळ भरा, त्यात गाड्या लपवा, शोधू दे. सोफ्याखाली राजमा, नवऱ्याच्या बुटात राजमा. सासूबाई आधी कुरकुरल्या, अन्नाशी खेळू नये म्हणून. मग त्याच मांडी घालून समोर बसायला लागल्या. गाडी निघाली की "सापडलीऽऽ" म्हणून असल्या ओरडायच्या की तो मान वर करून त्यांच्याकडे बघायचा. आमच्याकडे नाही हां, त्यांच्याकडेच.

तेव्हा आम्ही पुण्यात धनोरीत राहायचो. लोहगावच्या तळावरची सुखोई विमानं डोक्यावरून गेली की हा कान झाकून पलंगाखाली. काही हवं असलं तर माझं मनगट धरून फ्रिजपाशी न्यायचा, बोट दाखवणं नाहीच. एकदा गच्चीत कपडे वाळत घालत होते, सुखोई आलं. त्याने एका कानावरचा हात काढला, बोट वर केलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी बघतेय ना, एवढंच बघायला. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. विमान बघून रडणारी बाई म्हणून शेजारीण घाबरली ते वेगळंच.

तर लिहा. बरे-वाईट, कसेही.

आवळासुपारी
बोट!!! अगं काटा आला. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

दीडशहाणा पेठेतला
त्या दुकानात उद्या पाटी लागणार: 'राजम्यात हात घालू नये. थेरपी असली तरी. घातल्यास किलोभर घ्यावा लागेल.'

घाईची लेक
आमची सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीतून घरी आली तेव्हा सगळे म्हणाले जिंकलात. नऊ महिन्यांची झाली तरी बसेना, पाय कडक, लंगोट बदलताना मांड्या सुटायच्या नाहीत. सेरेब्रल पाल्सी. मालिशवाल्या मावशी म्हणायच्या, मी रगडून मोकळे करते पाय. फिजिओच्या मॅडमनी त्यांना बंद करायला सांगितलं नाही, उलट क्लिनिकमध्ये बोलावून शिकवलं: झटका द्यायचा नाही, हळू ताणायचं, धरून ठेवायचं, सैल पडेपर्यंत थांबायचं. मावशींचा हात असा बसला की पुढे त्यांचंच स्ट्रेचिंग सगळ्यात छान व्हायचं.

गेटर्स माहितीयत ना, गुडघे सरळ ठेवायला बांधतात ते? त्याच्या वेल्क्रोचा चर्रर्र आवाज आला की हिचा भोंगा सुरू. ह्यांनी युक्ती काढली: आधी बाहुलीला बांधायचे, मग टेडीला, मग बाबाच्या हाताला, मग हिची पाळी. ऑफिसला निघायच्या घाईत रोज बाहुलीची फिजिओ.

पोटरीत बोटॉक्स द्यायचं ठरलं तेव्हा भिशीत सांगितलं, तर एकजण म्हणते आम्हालाही घेऊन चल, सुरकुत्या आल्यात. हसले मीही. त्याचा परिणाम तीनेक महिने टिकतो, स्नायू सैल असतात तेवढ्यात व्यायाम आणि एएफओ (पाऊल-घोटा सरळ धरणारा बूट) घालून चालणं दामटून करून घ्यायचं असतं, तेव्हा भिशीबिशी सगळं बंद.

हिंजवडी ट्रॅफिक
बाबा लिहितोय, चालेल ना? मुलाला डाउन सिंड्रोम. जन्मल्यावर आधी हृदयाचा टू-डी इको, थायरॉइड, ते निस्तरेपर्यंत थेरपी हा शब्दच कानावर नव्हता. अंग ढिलं, मान उशिरा धरली. पावणेदहाला त्याला स्टँडिंग फ्रेममध्ये उभा करायचो आणि त्याच वेळी माझी स्टँडअप मीटिंग. म्यूट विसरलो की टीमला "उभा राहा, शाब्बास, अजून थोडं" ऐकू जायचं. मॅनेजर म्हणाला, थँक्स, मी उभाच आहे.

जाड स्ट्रॉने ताक प्यायला लावायचो ओठ मिटावेत म्हणून. आता तो कुणाचंही ताक पितो.

दुपारची झोप
@हिंजवडी 😂😂

चटणीभाकर
मी कडू लिहिणार आहे, माफ करा. एका सेंटरने (नाव लिहीत नाही) सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले, 'सहा महिन्यांत बोलेल' म्हणून. दार बंद, आई बाहेर. आत काय चाललंय विचारलं तर "तुम्ही असलात की तो काम करत नाही." घरी काय करायचं ते कधीच सांगितलं नाही. तासभर तिथे, उरलेला दिवस माझ्याजवळ, मग मला शिकवायला नको? नवीन लोकांनो, जिथे आईबाबांना आत बसवतात तिथे जा. आणि तारीख देऊन बोलण्याची हमी कुणी दिली की चप्पल घालायची.

घाईची लेक
@चटणीभाकर अगदी. आमच्याकडे रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटलच्या मॉरिस सेंटरला आईलाच मॅटवर बसवायचे. साडी नेसून गेले होते पहिल्यांदा, पुन्हा कधी नाही.

आवळासुपारी
राजमा शेवटी शिजवला का गं?

गवतीचहा
शिजवला. आईकडून पाहुणे आले होते. कुणाला बोलले नाही.

नवीन आहे
नमस्कार ताई. माझा मुलगा 22 महिन्यांचा, एकही शब्द नाही. हाक मारली तर बघत नाही पण जाहिरात लागली की पळत येतो. सासरचे म्हणतात ह्याचे बाबापण उशिरा बोलले, तिसरं लागू दे. काय करू?

गवतीचहा
तिसरं लागायची वाट बघू नकोस. आधी कानांची तपासणी, बेरा म्हणतात, जाहिरातीला येत असला तरी कर. बालरोगतज्ज्ञांना एम-चॅट भरून घ्यायला सांग, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीची ऑटिझमची प्रश्नावली आहे. त्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं का ते कळतं. आणि निदानाचा कागद हातात येण्याआधीही ओटी-स्पीच सुरू करता येतं. खर्चाचं असेल तर औंधच्या जिल्हा रुग्णालयात डीईआयसी आहे, सरकारी केंद्र, मुलांच्या तपासण्या आणि थेरप्यांसाठीच. सासरच्यांना सांग कान तपासायला चाललोय. कानाला कुणी नाही म्हणत नाही.

चटणीभाकर
शेवटचं वाक्य फ्रेम करा कुणीतरी.

कर्वेनगरचे आजोबा
मी नातवाच्या कागदपत्रांचा मंत्री आहे. थेरपी सून-मुलगा बघतात, रांगा माझ्याकडे. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, ऑटिझम त्यात स्वतंत्र आहे. यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन भरावा, तपासणी ससून रुग्णालयात किंवा औंधला. ऑटिझमसाठी इसा नावाची मोजपट्टी लावतात. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना अवश्य घ्यावी: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांसाठी वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीची बिलंही त्यात बसतात, पण थेरपीला आत वेगळी मर्यादा आहे. बिलावर शिक्का, सही, तारीख नसेल तर परत येतं. रांगेत पाण्याची बाटली आणि मुलाचा खाऊ न्यावा. फोटोच्या जादा प्रती न्याव्यात. सुनेला वाटतं मी मिरवायला जातो.

दुपारची झोप
आजोबा 🙏 आम्हाला दत्तक घ्या

हिंजवडी ट्रॅफिक
आजोबा, बिलं मूळ लागतात की झेरॉक्स?

कर्वेनगरचे आजोबा
मूळ. झेरॉक्स आपल्याकडे.

आवळासुपारी
आले. कुकर जळला, असो. माझ्या मुलीला शब्द आहेत पण आवाज सहन होत नाहीत, शिट्टी, मिक्सर, सगळे. गणपतीच्या आधी महिनाभर नदीकाठी ढोल पथकांचा सराव चालतो ना, आमचं घर तिथेच. सहा वाजले की ती बाथरूममध्ये जाऊन बसायची. ओटीवाल्यांनी सांगितलं, घाबरवून सवय होत नाही. मग मोबाइलवर ढोल अगदी बारीक आवाजात, बटण तिच्या हातात, नको झालं की बंद. यंदा खिडकीत उभी राहिली, कानांवर आवाज अडवणारे मफ घालून. विसर्जनाला लक्ष्मी रोड वगैरे आम्हाला या जन्मी नाही, चालेल.

नवीन आहे
ताई ते मफ कुठे मिळतात? लहान मापाचे?

आवळासुपारी
ऑनलाइन महाग आहेत. बोहरी आळीत कारखान्यात वापरतात ते बघ, पट्टी आत सरकवली की बसतात.

दीडशहाणा पेठेतला
दुपारी एक ते चार जाऊ नका.

कर्वेनगरचे आजोबा
बोहरी आळी दुपारी चालू असते. भाव मात्र करावा.