संमती कायमची नसते

असा दावा केला जातो की हिंदू उत्तराधिकार कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली केलेल्या दुरुस्तीला (जिने आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं) राष्ट्रपतींची संमती होती, म्हणून २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत आजही सहदायकाचा (जन्मतःच हिस्सेदार असण्याचा) हक्क नाही. पहिला भाग बरोबर, निष्कर्ष चूक. वारसाहक्क राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत (नोंद ५) येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. अनुच्छेद २५४(२)नुसार राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलेला राज्याचा कायदा संमती मिळाल्यावर त्या राज्यापुरता केंद्राच्या कायद्यावर मात करतो. पण त्याच पोटकलमाचं परंतुक (शेवटी जोडलेली अपवादाची अट) बहुतेक जण वाचतच नाहीत: संसद त्याच विषयावर नंतर कायदा करून राज्याची तरतूद बदलू किंवा रद्द करू शकते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या कैसर-ए-हिंद निकालानुसार, संमती मागताना केंद्राच्या ज्या कायद्याशी विसंगती दाखवली असेल, संमतीचं संरक्षण तेवढ्यापुरतंच.

संसदेने नेमकं तेच केलं: ९ सप्टेंबर २००५पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याचं नवं कलम ६ आलं. त्यात मुलीच्या लग्नाच्या तारखेची अट नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने (२०२०) त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज उरली नाही. त्यामुळे जुनं लग्न दाखवून बहिणीचं नाव वगळणं टिकत नाही. पाहायचं ते मुख्यतः हे, की २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं होतं का. तोंडी वाटप सहसा चालत नाही. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच, अपवाद म्हणून.