शब्दचर्चा : ‘अ कपेला’ला ‘बिनसाथीचे गायन’ म्हणावे काय?

प्रश्न

ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट भागात १९६२ साली जमलेल्या ‘द परस्वेजन्स’ या पाच गायकांच्या संचाविषयी, आणि त्यांच्याप्रमाणेच हाती एकही वाद्य न घेता डू-वॉपची (म्हणजे १९५० च्या दशकात अमेरिकन शहरांत बहरलेल्या समूहगायनाच्या प्रकाराची) जुनी गाणी गात राहिलेल्या इतर संचांविषयी, मी एक मराठी लेख लिहीत आहे. माझे पहिल्याच परिच्छेदात अडले. ‘अ कपेला’चा अर्थ मी ‘साथीशिवाय केलेले गायन’ असा दिला, आणि तीनच ओळींनंतर मला लिहावे लागले की त्यांच्यातील जिमी हेज यांचा खर्जातला आवाज बाकीच्या चौघांना डबल बास या खर्जाच्या तंतुवाद्याप्रमाणे साथ करत असे. साथ नाही असे सांगून लगेच ती आहे असे सांगणे मला पटेना. ‘बिनसाथीचे’ हा शब्द टाकून द्यावा, की साथीचा अर्थ मीच फार ताणतो आहे? ‘डू-वॉप’ या शब्दाचे आणि ‘हार्मनी’चे (एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून गाण्याचे) मराठीत काय करावे, याविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपण अर्थ मुळीच ताणलेला नाही. मूळ इटालियन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘चॅपेलच्या रीतीने’ एवढाच आहे. त्यात साथही नाही आणि वाद्यही नाही. रोममध्ये पोपच्या सिस्टाइन चॅपेलमधील गायकवृंद ऑर्गनसुद्धा न घेता गात असे आणि ती रीत आदर्श मानली गेली, म्हणून ‘वाद्यांविना’ हा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला आणि एकोणिसाव्या शतकात तो पक्का झाला. हाच ‘कपेला’ पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि कोंकणीत ‘कोपेल’ म्हणून नांदतो आहे. तिथे त्याचा अर्थ आजही लहान प्रार्थनामंदिर असाच आहे.

आता आपल्या ‘साथ’ या शब्दाकडे पाहू. ख्यालगायकाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य गुरूला दम घ्यायला अवकाश मिळावा म्हणून मधूनमधून स्वर भरतो, तेव्हा आपण त्याला गायनसाथ म्हणतो. म्हणजे मराठीत साथ तबल्याची आणि पेटीची असते तशी गळ्याचीही असते, आणि ही काही ओढूनताणून काढलेली छटा नव्हे. म्हणून ‘बिनसाथीचे’ हा शब्द बाईने एकटीने गायलेल्या जात्यावरच्या ओवीला योग्य आहे, कारण तिथे मागे जात्याच्या घरघरीखेरीज काही नसते. पाच गळ्यांपैकी चार गळे ज्या गायनात सतत पाचव्याची साथ करत असतात, त्याला तो लावणे चूक आहे. मी ‘वाद्याविना गायन’ असे साधे वर्णन करीन, आणि नाव हवेच असेल तर ‘कंठसाथीचे गायन’ म्हणेन.

या संदर्भात ओहायो राज्यातील पिक्वा गावच्या मिल्स ब्रदर्सचे उदाहरण मोलाचे आहे. हे भाऊ तुतारीसारखी वाद्ये तोंडाने इतकी हुबेहूब काढत की १९३० च्या दशकातील त्यांच्या तबकड्यांवर, एका गिटारीखेरीज या ध्वनिमुद्रणात कोणतेही वाद्य वापरलेले नाही, अशा अर्थाची सूचना छापावी लागे. ऐकणाऱ्याच्या कानाला साथ स्पष्ट ऐकू येत होती, एवढेच की ती माणसांच्या गळ्यातून येत होती.

डू-वॉपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी, कारण तिच्यावाचून ‘अ कपेला डू-वॉप’ या जोडनावाचा अर्थ लागत नाही. १९४० आणि १९५० च्या दशकांत न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आदी शहरांतील कृष्णवर्णीय मुले, आणि पुढे त्यांच्या शेजारच्या वस्त्यांतील इटालियन व पोर्तो रिकन वंशाची मुलेही, नाक्यावर, इमारतींच्या जिन्यांत, भुयारी रेल्वेच्या फलाटांवर, घुमारा चांगला मिळेल तिथे उभी राहून गात. वाद्ये घ्यायला पैसे नव्हते आणि आवाज घुमवायला भिंती फुकट होत्या. पण ती मुले ध्वनिमुद्रणासाठी गेली की कंपनी त्यांच्यामागे पियानो, ड्रम आणि सॅक्सोफोन उभा करी. ‘द फाइव्ह सॅटिन्स’चे ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ हे १९५६ चे गाणे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात मुद्रित झाले. जागा शब्दशः देवळातली, पण गाणे मात्र अ कपेला नाही, कारण त्यात वाद्ये आहेत. तबकडीवर आलेले त्या काळचे डू-वॉप बहुतांशी असेच वाद्यांसह आहे. वाद्याविना होती ती तालीम.

ही तालीम लोकांच्या कानावर आली ती काही वर्षांनी. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरखालील भुयारी रेल्वेच्या गाळ्यांत आयर्व्हिंग रोझ यांचे जुन्या तबकड्यांचे दुकान होते. ‘स्लिम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुकानदाराने १९६३ च्या सुमारास न्यू हेवनच्याच ‘द नटमेग्ज’ या संचाच्या सरावाच्या ध्वनिफिती मिळवून, त्यांत वाद्ये भरण्याच्या फंदात न पडता, त्या आहेत तशा तबकडीवर काढल्या. त्या ऐकून न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतील तरुणांचे अनेक संच केवळ गळ्यावर गाऊ लागले. परस्वेजन्स हे त्याच वातावरणातले, आणि अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झाप्पा यांच्या कंपनीने १९७० साली काढलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचे नावच ‘अकपेला’ होते, तेही इंग्रजीत एका शब्दात जोडून. तालमीची कच्ची रीत हीच मैफलीची पक्की रीत झाली. आजचे संच जे जतन करतात ते मूळ तबकड्यांतले संगीत जेवढे आहे, तेवढेच त्या तबकड्यांच्या आधीचे, नाक्यावरचे संगीत आहे, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर मुख्यतः या कारणासाठी आहे.

दुसरा प्रतिसाद

‘डू-वॉप’ हे नाव भाषांतरित करू नये असे माझे मत आहे, कारण तो मुळातच अर्थ नसलेला ध्वनी आहे. १९५५ च्या सुमारास तो गाण्यांच्या पार्श्वस्वरांत ऐकू येतो. प्रकाराचे नाव म्हणून तो छापील स्वरूपात १९६१ मध्ये ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रात आला, आणि १९७० च्या आसपास न्यूयॉर्कचे रेडिओ निवेदक गस गॉसर्ट यांच्या तोंडून रूढ झाला. ज्यांनी ही गाणी रचली आणि गायली, त्यांच्यासाठी ते रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे त्या काळचे लोकप्रिय संगीत, होते. जाणत्या संग्राहकांत ‘ग्रुप हार्मनी’ हे नाव अधिक मानाचे आहे, आणि न्यू जर्सीतील क्लिफ्टन येथे रॉनी इटालियानो यांनी १९७६ साली या संगीतासाठी जी संस्था स्थापन केली तिच्या नावातही ‘डू-वॉप’ नसून ‘ग्रुप हार्मनी’ आहे. लेखात हा भेद एकदा नोंदवून पुढे ‘डू-वॉप’च वापरावे.

डू-वॉपमध्ये मागून गायल्या जाणाऱ्या ‘शूबी-डू’सारख्या अक्षरांना मात्र आपल्याकडे उत्तम शब्द आहे, तो म्हणजे झील. शाहीर पोवाड्याची ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ असा सूर ओढतात. त्या ‘जी’ला कोशातला अर्थ शोधण्यात हशील नाही, ती ओळ तोलून धरते, शाहिराला श्वास देते आणि पुढच्या ओळीची चाहूल देते. ‘शूबी-डू’ नेमके हेच करते. ‘कोरस’ म्हटले की वाचकाला चित्रपटगीतातील मागचा घोळका आठवतो, तर झील म्हटले की त्या गायकांचे काम कळते. ‘निरर्थक अक्षरे’ हा शब्दही मी टाळीन. तराण्यातल्या ‘तन देरे ना’ला आपण बोल म्हणतो, यांनाही बोलच म्हणावे.

तिसरा प्रतिसाद

झील हा शब्द मलाही आवडला, तथापि एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. पोवाड्यातले झीलकरी शाहिराचाच सूर धरतात, सगळे एका सुरात. डू-वॉपमध्ये एकाने षड्ज धरला असेल तर दुसरा गांधारावर, तिसरा पंचमावर असतो, खर्जाचा गायक खाली वेगळीच चाल चालत असतो आणि टिपेचा गायक वरून मींड घेत उतरतो. ‘एका सुरात’ ही आपल्या भाषेत एकमताची खूण आहे आणि ‘री ओढणे’ हे तर दुसऱ्याचेच म्हणणे पुन्हा बोलण्याला म्हणतात. वेगवेगळ्या सुरांत राहून एक होणे यासाठी आपल्या बोलण्यात तयार शब्द नाही, आणि अडचणीचे मूळ तिथे आहे. हार्मोनियम घरोघरी आली, तिला आपण पेटी म्हटले आणि तिच्या नावातली हार्मनी बाहेरच राहिली.

‘स्वरसंवाद’ हा शब्द कोणी सुचवील, पण संगीतशास्त्रात वादी-संवादीचा अर्थ ठरलेला आहे आणि तो एकामागून एक येणाऱ्या स्वरांनाही लागू होतो. ‘स्वरमेळ’ मला अधिक योग्य वाटतो, कारण मेळ बसवावा लागतो आणि तो अनेकांचा मिळून असतो. वाचकाला तो कळावा म्हणून एक ठोस उदाहरण द्यावे. डू-वॉपच्या असंख्य गाण्यांचा सांगाडा चार स्वरमेळांचा आहे: सा-ग-प, मग ध-सा-ग, मग म-ध-सा आणि शेवटी प-नि-रे. तिघांनी मिळून हे चार मेळ ओळीने धरले की ते संगीत कधीही न ऐकलेल्या माणसालाही त्याची ओळख पटेल. गोव्यातील वाचकांना हे सांगावे लागणार नाही. मांडो हा कोंकणी गीतप्रकार दोन आवाजांत गातात आणि दुसरा आवाज पहिल्याच्या खालून समांतर चालतो, हे त्यांनी घरच्या समारंभात ऐकलेले असते.

मूळ प्रश्नकर्त्याचे निवेदन

सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. आक्षेप मान्य करून मी ‘स्वरमेळाची झील’ असा प्रयोग केला आहे. झील या शब्दाने काम सांगितले जाते आणि स्वरमेळाने त्या कामाची रीत. पहिला परिच्छेद आता असा आहे: “हे पाचजण वाद्याविना गात, पण साथीविना गात नसत. जेरी लॉसन गाण्याची ओळ उचलत, तिघे स्वरमेळाची झील धरत आणि सगळ्यांच्या खाली जिमी हेज यांचा खर्ज चाले.”

एक शंका उरली आहे. डू-वॉपच्या संचात खर्जाच्या गायकाचे स्थान स्वतंत्र असते; कित्येक गाण्यांची सुरुवात त्याच्या एकट्याच्या बोलांनी होते आणि लय राखण्याची जबाबदारीही त्याच्यावर असते, त्यामुळे त्याला नुसते झीलकरी म्हणणे मला अपुरे वाटते. झीलकरी, टाळकरी, ध्रुपदकरी यांच्या धर्तीवर ‘खर्जकरी’ हा शब्द कानाला कसा वाटतो, आणि तो कोणी याआधी वापरलेला आढळला आहे का?